चित्रपटातील हक्कांची साखळी : स्वतंत्र निर्मात्यापुढील स्वामित्वहक्काचे प्रश्न

चित्रपट तयार होणे आणि तो लोकांना दाखविता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली गोष्ट कॅमेरा, कलावंत व द्रव्य यांवर अवलंबून असते. दुसरी बहुतांशी कागदांवर. अल्प भांडवलात काम करणारा निर्माता पहिल्या गोष्टीसाठी आपली सर्व शक्ती वेचतो आणि दुसरीचा विचार चित्रपट पूर्ण झाल्यावर करू लागतो. महोत्सव, दूरचित्रवाहिनी किंवा आंतरजालावरील वितरक जेव्हा पटकथेचा, संगीताचा आणि कलावंतांच्या संमतीचा लेखी पुरावा मागतात, तेव्हा संबंधित मंडळी पांगलेली असतात, स्नेहाचे संबंध कधी दुरावलेले असतात आणि जी सही आरंभी चहाच्या पेल्यावर मिळाली असती तिच्यासाठी न परवडणारी रक्कम मोजावी लागते. आंतरजालावर नियमितपणे चित्रफिती प्रसिद्ध करणाऱ्यांची स्थितीही याहून वेगळी नाही. या दोहोंना भारतीय स्वामित्वहक्काच्या कायद्याचे कोणते नियम प्रत्यक्ष लागू पडतात व त्यांनी कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. चित्रपटाच्या प्रमाणनाचा, म्हणजे सेन्सॉरचा, प्रश्न स्वतंत्र असल्यामुळे तो येथे विचारात घेतलेला नाही.

१. एक कृती, अनेक हक्क

स्वामित्वहक्क अधिनियम १९५७ साली संमत झाला आणि २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या; त्यांपैकी २०१२ सालची दुरुस्ती चित्रपटव्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. या अधिनियमातील 'चलच्चित्रपट' या संज्ञेची व्याप्ती मोठी आहे. दृश्यांचे कोणत्याही साधनाने केलेले मुद्रण तीत समाविष्ट होते. त्यामुळे चित्रपटगृहात झळकणारी तीन तासांची कृती आणि भ्रमणध्वनीवर टिपलेली दोन मिनिटांची चित्रफीत या दोन्ही कायद्याच्या दृष्टीने चलच्चित्रपटच होत. हक्क उत्पन्न होण्यासाठी नोंदणीची आवश्यकता नाही. कृती निर्माण होताच हक्क उत्पन्न होतो. नोंदणी केल्यास नोंदवहीतील मजकूर सकृद्दर्शनी पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो, एवढाच तिचा लाभ.

तथापि चित्रपट ही एकसंध वस्तू दिसली तरी तिच्यात अनेक कृती सामावलेल्या असतात. पटकथा व संवाद ही वाङ्मयीन कृती, चाल ही सांगीतिक कृती, गीत ही पुन्हा वाङ्मयीन कृती, भित्तिपत्रक ही चित्रकृती आणि ध्वनिमुद्रण ही आणखी वेगळी कृती. चित्रपटावरील हक्कामुळे त्याच्या पोटातील कृतींचे स्वतंत्र हक्क नाहीसे होत नाहीत, असे कलम १३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

या तत्त्वाचे उत्तम उदाहरण म्हणजे सत्यजित राय यांच्या 'नायक' (१९६६) या चित्रपटासंबंधीचा वाद. या चित्रपटाच्या पटकथेवरून लिहिलेली कादंबरी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा निर्मात्याच्या वारसांनी तीस आक्षेप घेतला. चित्रपट आमचा, म्हणून पटकथाही आमचीच, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो अमान्य केला. पटकथा ही स्वतंत्र वाङ्मयीन कृती असून तिचे लेखक राय हे निर्मात्याचे नोकर नव्हते. म्हणून तिचे कादंबरीत रूपांतर करण्याचा हक्क राय यांचा व त्यांच्यानंतर त्यांच्या वारसांचा, असे न्यायालयाने ठरविले. निर्मात्याने मोबदला दिला एवढ्यावरून चित्रपटातील सर्व काही त्याचे होत नाही, हा या निर्णयाचा इत्यर्थ होय.

२. प्रथम धनी कोण?

चित्रपटाच्या संदर्भात कायदा 'लेखक' या शब्दाने निर्मात्याचा निर्देश करतो. आणि ज्याने कृतीच्या निर्मितीत पुढाकार घेतला व तिची जबाबदारी स्वीकारली तो निर्माता. दिग्दर्शकास या व्यवस्थेत चित्रपटाचा स्वामी म्हणून स्थान नाही. स्वतंत्र चित्रपटात पुष्कळदा एकच व्यक्ती लेखक, दिग्दर्शक व निर्माती असते, आणि तेव्हा प्रश्न उद्भवत नाही. परंतु चार मित्रांनी वर्गणी काढून चित्रपट केला असता पुढाकार कोणाचा व जबाबदारी कोणाची, हे ठरविणे कठीण जाते. पैसे एकाचे, कल्पना दुसऱ्याची, कॅमेरा तिसऱ्याचा आणि धावपळ चौथ्याची, अशी स्थिती असते. चित्रपटास पुरस्कार मिळाला किंवा त्यास ग्राहक लाभला, की हा प्रश्न अचानक तीव्र होतो. यासाठी चित्रीकरणास आरंभ होण्यापूर्वीच निर्माता कोण, प्रत्येकाचा हिस्सा किती आणि विक्रीचा निर्णय कोणी घ्यावयाचा, हे एका पानावर लिहून सर्वांनी सह्या करणे इष्ट ठरते.

मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या चित्रपटाचा प्रथम धनी, विरुद्ध करार नसल्यास, ते काम सांगणारा मनुष्य असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा धनी मालक असतो. संस्थेसाठी माहितीपट करून देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, कारण त्या माहितीपटातील दृश्ये पुढे स्वतःच्या दुसऱ्या कृतीत वापरण्याचा हक्क त्यास आपोआप उरत नाही. चित्रपटशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या वेळी स्वीकारलेल्या अटी याच कारणासाठी वाचणे आवश्यक आहे. तथापि २०१२ च्या दुरुस्तीने या नियमास एक मर्यादा घातली आहे : चित्रपटात समाविष्ट झालेल्या वाङ्मयीन, नाट्य, सांगीतिक व कलाकृतींच्या लेखकांचे हक्क या तरतुदींमुळे बाधित होत नाहीत. म्हणून त्यांच्याकडून हक्क घ्यावयाचे तर ते लेखी करारानेच घ्यावे लागतात.

३. करारात काय असावे?

हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीयुक्त असल्याखेरीज वैध नाही. कलम १९ प्रमाणे त्यात कृतीचा निर्देश, कोणते हक्क दिले, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला काय, या गोष्टी असाव्या लागतात. येथे निर्मात्याचे सर्वाधिक नुकसान मौनाने होते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतरण केवळ भारतापुरते मानले जाते. आंतरजालावरील चित्रफीत प्रसिद्ध होताच जगभर दिसते. तेव्हा मुदत व प्रदेश यांविषयी मूक असलेल्या कराराच्या आधारे ती प्रसिद्ध करणारा पहिल्या दिवसापासून भारताबाहेर हक्कावाचून वावरतो आणि सहाव्या वर्षी भारतातही त्याचा आधार सुटतो. शिवाय, मिळालेला हक्क एक वर्षाच्या आत वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तो परत जातो. चित्रपट पुरा होण्यास तीन वर्षे लागणे ही स्वतंत्र निर्मितीत असाधारण गोष्ट नाही. म्हणून या तरतुदीसंबंधी करारात स्पष्ट वाक्य असावे.

प्रसाराच्या माध्यमांविषयीही हीच दक्षता हवी. करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात अथवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा विशेष उल्लेख नसेल तर ते हस्तांतरणात येत नाही. दुसऱ्या बाजूने गीतकार व संगीतकार यांना कायद्याने एक संरक्षण दिले आहे : चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज अन्य मार्गाने होणाऱ्या वापराबद्दलच्या स्वामित्वधनाचा समान वाटा घेण्याचा त्यांचा हक्क त्यांना करारानेही सोडून देता येत नाही. तसा सोडून दिल्याचे लिहून घेतले तरी ते लेखन निरर्थक ठरते. यास्तव दुसऱ्या कोणाच्या कराराचा नमुना जसाच्या तसा उतरून घेण्यात धोका आहे.

लेखकाचे विशेष हक्क कलम ५७ मध्ये सांगितले आहेत. हक्क विकल्यानंतरही आपण लेखक आहोत असे म्हणण्याचा आणि आपल्या कीर्तीस बाध येईल अशा विकृतीस हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. श्रेयनामावलीतील चूक ही त्यामुळे केवळ शिष्टाचाराची चूक राहत नाही.

४. संगीत : सर्वांत मोठा अडथळा

स्वतंत्र चित्रपटास संगीताच्या बाबतीत जेवढा अडथळा होतो तेवढा अन्य कोणत्याही घटकामुळे होत नाही. याचे कारण असे की, एका गाण्यात किमान चार हक्क एकत्र आलेले असतात : शब्दांचा, चालीचा, ध्वनिमुद्रणाचा आणि गायक-वादकांचा. चित्रपटातील गीतांपुरते यांतील बहुतेक हक्क सामान्यतः संगीत कंपनीकडे गेलेले असतात. पण तसे ते गेले आहेत की नाही याची खातरजमा करण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची असते.

संतवाङ्मय सर्वांचे आहे, म्हणून अभंगाचे ध्वनिमुद्रण वापरण्यास हरकत नाही, असा समज पुष्कळांचा आढळतो. तुकारामांच्या शब्दांवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, हे खरे. परंतु 'अभंग तुकयाचे' या लता मंगेशकर यांनी गायिलेल्या अभंगांच्या चाली श्रीनिवास खळे यांच्या आहेत. खळे यांचे निधन २०११ साली झाले. सांगीतिक कृतीवरील हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे या चालींवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत राहील. शब्द मुक्त, चाल बद्ध, अशी ही स्थिती आहे. निर्मात्याने तोच अभंग स्वतःच्या संगीतकाराकडून नव्या चालीत बांधून घेतल्यास अडचण उरत नाही.

याच्या उलट स्थिती 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटातील 'बुगडी माझी सांडली गं' या लावणीच्या बाबतीत दिसते. चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षांचा असल्याने तो २०१९ अखेर संपला. संपूर्ण चित्रपट दाखविण्यास आता त्याच्या पोटातील गीत-संगीताचा हक्कही आडवा येत नाही, कारण कलम ५२ मध्ये तशी तरतूद आहे. परंतु लावणीचे शब्द ग. दि. माडगूळकर यांचे आहेत आणि त्यांचे निधन १९७७ साली झाले. त्यामुळे शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत जिवंत आहे. ही लावणी नव्याने गाऊन तिची चित्रफीत प्रसिद्ध करणाऱ्याने चित्रपट जुना आहे एवढ्यावर विसंबून भागणार नाही. जुन्या गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण करण्याविषयी कलम ३१क च्या पुढे जोडलेल्या कलमांत सवलत आहे. तथापि ती मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षांनी व विहित स्वामित्वधन भरून मिळते, आणि ती केवळ ध्वनिमुद्रणापुरती आहे. दृश्यांसह चित्रफीत करणे तीत बसत नाही.

'मुक्त संगीत' म्हणून उपलब्ध असलेल्या रचनांच्या अटीही काळजीपूर्वक वाचाव्या लागतात. २००२ पासून प्रचारात आलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांचे प्रकार आहेत. श्रेयनिर्देशाची एकच अट असलेला परवाना निर्मात्यास सर्वांत सोयीचा. ज्या परवान्यात रूपांतरास मनाई आहे, त्यातील संगीत चित्रपटास जोडता येत नाही, कारण संगीत हलत्या दृश्यांशी कालबद्ध रीतीने जुळविणे हेच त्या परवान्यांच्या भाषेत रूपांतर होय. ज्या परवान्यात 'समान अटींवर वाटप' अशी अट आहे, त्यातील संगीत घेतल्यास तयार होणारी कृतीही त्याच अटींवर लोकांना द्यावी लागते. वितरकास एकाधिकार विकण्याचा मार्ग मग बंद होतो. व्यापारी वापरास मनाई असेल तर जाहिरातींचे उत्पन्न घेणाऱ्या चित्रफितीत ती रचना वापरणे धोक्याचे आहे. परवान्याचा मजकूर आणि तो ज्या दिवशी पाहिला त्या दिवसाची प्रत निर्मात्याने जपून ठेवावी.

५. परवानगीवाचून काय घेता येते?

कायदा केवळ बंधनेच घालतो असे नाही. सर्वप्रथम, कल्पनेवर हक्क नसतो. हक्क तिच्या अभिव्यक्तीवर असतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व विशद केले. 'हम हिंदुस्थानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट या दोहोंत प्रांतीयतेचा समान विषय असला, तरी मांडणी भिन्न असल्याने चित्रपट ही नाटकाची नक्कल नव्हे, असा निर्णय झाला. एकाच विषयावर दुसऱ्याने आधी चित्रपट केला म्हणून कोणी हात आखडता घेण्याचे कारण नाही.

दुसरी सवलत 'न्याय्य व्यवहारा'ची. खाजगी वापर व संशोधन, टीका अथवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वृत्तनिवेदन या हेतूंसाठी दुसऱ्याच्या कृतीचा न्याय्य वापर करता येतो. न्याय्य म्हणजे किती, याचे मोजमाप कायद्यात नाही. तीस सेकंदांपर्यंतचा वापर निर्वेध असतो, अशी एक समजूत निर्मात्यांत रूढ आहे. तिला अधिनियमात कोणताही आधार नाही. सौजन्याचा निर्देश केला की परवानगी लागत नाही, ही समजूतही तितकीच निराधार. सिव्हिक चंद्रन विरुद्ध अम्मिणी अम्मा या १९९६ च्या खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने विचारात घेतलेल्या कसोट्या अधिक उपयुक्त आहेत : किती व कोणता भाग घेतला, कोणत्या हेतूने घेतला, आणि नवी कृती मूळ कृतीशी बाजारात स्पर्धा करील काय? त्या खटल्यातील प्रतिनाटकाने मूळ नाटकाचा मोठा भाग घेतला होता; पण हेतू टीकेचा असल्याने ते न्याय्य ठरले. चित्रपटसमीक्षा करणाऱ्याने यावरून असा नियम घ्यावा की, घेतलेल्या प्रत्येक दृश्याविषयी काहीतरी सांगितले जावे. ज्या दृश्यावर भाष्य नाही ते दृश्य केवळ शोभेसाठी घेतले असे मानले जाण्याचा संभव असतो.

तिसरी सवलत चित्रीकरणात पार्श्वभूमीस आलेल्या वस्तूंची. सार्वजनिक जागी कायम असलेली कलाकृती, उदाहरणार्थ चौकातील पुतळा, चित्रपटात आल्यास हक्कभंग होत नाही. तसेच अन्य चित्रकृती पार्श्वभूमीस अथवा प्रसंगोपात्त आल्यासही होत नाही. परंतु ही तरतूद दृश्य कलाकृतींपुरती आहे. उपाहारगृहातील भिंतीवरचे चित्र चालते. त्याच उपाहारगृहात रेडिओवर लागलेले गाणे तिच्यात बसत नाही. अत्यल्प वापराकडे दुर्लक्ष करावे, हे तत्त्व दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ साली एका वृत्तवाहिनीच्या प्रकरणात गाण्याच्या काही ओळींना लागू केले. पण ते खटला लढण्याची सिद्धता असलेल्याचे शस्त्र आहे. चित्रीकरणापूर्वी रेडिओ बंद करावयास सांगणे हा स्वस्त उपाय होय. असे केल्याने संवादांचे संकलनही सुकर होते, हा आनुषंगिक लाभ.

लग्नाच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या गाण्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. धार्मिक विधी व विवाहसमारंभ यांत गाणी वाजविण्यास कायद्याने मोकळीक दिली आहे. ती मोकळीक तेथील वादनाची. त्या वादनासह केलेली चित्रफीत जगापुढे मांडण्याची नव्हे.

६. कॅमेऱ्यापुढील माणूस

स्वामित्वहक्काची चर्चा बहुधा लेखक व कंपन्या यांच्यापुरती होते. वस्तुतः कायद्याने प्रयोगकर्त्या कलावंतासही हक्क दिला असून तो पन्नास वर्षांचा आहे. प्रयोगकर्त्यांच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, हातचलाखी करणारे, गारुडी आणि व्याख्याते यांचाही समावेश आहे. महाराष्ट्रातील लोककलांवर माहितीपट करणाऱ्यास ही व्याख्या प्रत्यक्ष लागू पडते. जात्यावरच्या ओवीचा कर्ता अज्ञात असतो, म्हणून शब्दांवर कोणाचा हक्क नाही असे मानले, तरी ती ओवी कॅमेऱ्यापुढे गाणाऱ्या स्त्रीचा आपल्या गाण्यावर हक्क आहे. वाघ्या-मुरळी, गोंधळी, पोवाडा गाणारा शाहीर यांच्या बाबतीतही तसेच.

कलावंताने आपला प्रयोग चित्रपटात समाविष्ट करण्यास लेखी संमती दिली असता, विरुद्ध करार नसल्यास, निर्मात्याने चित्रपटासंबंधी हक्क बजावण्यास त्यास हरकत घेता येत नाही. तेव्हा ही संमती निर्मात्यास अत्यावश्यक आहे. पण तिची दुसरी बाजूही आहे. व्यापारी वापर झाल्यास स्वामित्वधन मिळण्याचा कलावंताचा हक्क कायद्याने राखून ठेवला आहे. इंग्रजी मजकुराच्या कागदावर निरक्षर गायिकेचा अंगठा घेणे आणि पुढे तिचा आवाज मूळ माहितीपटाबाहेर, जाहिरातीत किंवा नृत्यसंगीतात वापरू देणे, हे कागदोपत्री निर्दोष दिसले तरी न्यायाचे होत नाही. संमतिपत्र मराठीत असावे, ते वाचून दाखवावे, वापर कोणत्या कृतीपुरता आहे हे त्यात लिहावे आणि त्याची एक प्रत कलावंताजवळ राहावी. वाचून दाखविण्याचा व संमतीचा प्रसंगच चित्रित करून ठेवल्यास दोन्ही पक्षांचे रक्षण होते. कलावंताचे नाव श्रेयनामावलीत अचूक येणे हाही त्याचा हक्क आहे, हे विस्मरणात जाऊ नये.

७. आंतरजालावरील तक्रार

चित्रफीत प्रसिद्ध झाल्यावर येणाऱ्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची गल्लत केल्याने पुष्कळ हानी होते. पहिला प्रकार यांत्रिक जुळणीचा. यूट्यूबने २००७ साली सुरू केलेली कंटेंट आयडी ही व्यवस्था हक्कधारकांनी दिलेल्या नमुन्यांशी प्रत्येक चित्रफीत ताडून पाहते. जुळणी सापडल्यास हक्कधारकाच्या पूर्वनिर्देशानुसार चित्रफीत अडविली जाते, तिचे उत्पन्न त्याच्याकडे वळविले जाते किंवा केवळ नोंद ठेवली जाते. हा न्यायनिर्णय नव्हे. यंत्रास ध्वनी ओळखता येतो. तो टीकेसाठी घेतला की शोभेसाठी, हे ओळखता येत नाही. म्हणून न्याय्य व्यवहाराची बाजू सबळ असल्यास हरकत नोंदवावी.

दुसरा प्रकार कायदेशीर सूचनेचा. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार सूचना आल्यावर चित्रफीत काढली जाते. निर्मात्याने प्रतिसूचना दिल्यास, तक्रारदार न्यायालयात गेला नाही तर, दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत ती पुन्हा दिसू लागावी, अशी योजना आहे. मात्र प्रतिसूचना ही शपथेवर केलेली विधाने असतात आणि ती देणारा न्यायालयाच्या अधिकारितेस मान्यता देतो. रागाच्या भरात ती देऊ नये. भारतीय अधिनियमातही अशी तरतूद आहे : सूचनेनंतर एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर मध्यस्थास ती सामग्री पुन्हा उपलब्ध करून देता येते. निराधार धमक्या देणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग कलम ६० ने दिला आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून निर्मात्याने आरंभापासून जी कागदपत्रे जमवावीत ती अशी : निर्मात्यांतील परस्पर करार, मूळ कथेचे व पटकथेचे हस्तांतरणपत्र, संगीतकार, गीतकार व ध्वनिमुद्रणाचे हक्कधारक यांचे करार, नट, गायक व मुलाखत देणाऱ्यांची संमतिपत्रे, छायालेखक, संकलक इत्यादींच्या कामाच्या अटी, आणि वापरलेल्या जुन्या छायाचित्रांचे व दृश्यांचे परवाने. प्रत्येक कागदावर मुदत, प्रदेश आणि माध्यमे यांचा उल्लेख असावा. यांतील एक दुवा तुटला तरी वितरकाच्या दृष्टीने सर्व साखळी तुटते, कारण त्यास चित्रपटाचा नव्वद टक्के हक्क विकत घेता येत नाही. अवघड प्रसंगी वकिलाचा सल्ला घेणे अनिवार्य असले, तरी वकिलाकडे नेण्यासारखे काही जवळ असणे हे निर्मात्याच्याच हाती आहे.

मोठ्या संस्थेस चूक झाल्यास ती द्रव्यबळाने निस्तरता येते; एकट्या निर्मात्याची बहुधा तीच सारी पुंजी असते. ज्या चित्रपटात एखाद्या गावाची बोली, एखाद्या गायिकेचा आवाज किंवा लोप पावत असलेली कला प्रथमच नोंदली गेली आहे, तो एका सहीअभावी कपाटात पडून राहणे ही केवळ निर्मात्याची हानी नसते. हक्कांचा हिशेब चोख ठेवणे हे कलेबाहेरचे कारकुनी काम मानण्याची प्रथा आहे. चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोचावा असे ज्यास वाटते त्याने ते निर्मितीचेच एक अंग समजावे, हे उचित.